दुष्काळ, कृपा आणि केडगावचे मुक्तिसदन

ख्रिस्ती धर्मविचारात कृपा म्हणजे माणसाने कमावलेली नसताना त्याच्या वाट्याला येणारी देवाची माया. पुण्य, कुळ, विद्या, तपश्चर्या यांचा हिशेब तिथे चालत नाही. शुभवर्तमानांत येशूभोवती जी माणसे दिसतात त्यांत कुष्ठरोगी आहेत, लोकांनी वाळीत टाकलेले जकातदार आहेत, बारा वर्षे रक्तस्रावाने झिजलेली एक बाई आहे, रस्त्याच्या कडेला भीक मागणारा आंधळा बार्तीमय आहे. यांपैकी कोणापाशीही देवाला देण्यासारखे काही नव्हते. ख्रिस्ती प्रवचनांत हा विचार शेकडो वर्षे सांगितला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातल्या केडगावला तो धान्याची पोती, पाटी-पेन्सिल, हातमाग आणि विहिरी यांच्या रूपाने उभा राहिला. तो उभा करणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतः एका दुष्काळातून वाचलेल्या होत्या, आणि केडगावचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल शास्त्रीपंडितांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. गंगामूळचा आश्रम कर्जापायी सोडावा लागला, तेव्हा त्या अवघ्या काही महिन्यांच्या होत्या. पुढे या कुटुंबाला घर असे राहिलेच नाही. तीर्थामागून तीर्थ करायचे, देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचे आणि येईल त्या दक्षिणेवर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकायला माणसे येईनाशी झाली. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागण्याची लाज, आणि जवळचे सगळे ब्राह्मणभोजनात व दानात खर्च झालेले. अखेर हे कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात झाडपाल्यावर दिवस काढू लागले. म्हातारपणी दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरवले होते. मी मजुरी करीन पण तसे होऊ देणार नाही, असे म्हणून मुलगा श्रीनिवास याने त्यांना थांबवले. तरी थोड्याच दिवसांत ते गेले. मागोमाग आई रायचूरला आजारी पडली. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईच्या घशाखाली ती उतरण्याची वेळ निघून गेली होती. तिला उचलायला चार माणसे मिळेनात. महत्प्रयासाने दोघे ब्राह्मण आले. तिसरा श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्या उंचीने इतक्या लहान होत्या, की तिरडीचा आपल्या बाजूचा भार त्यांना खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैलांवर होते. पुढे थोरली बहीणही गेली.

भावाबरोबर पायी भटकत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो जातीबाहेरचा विवाह होता. आसामातल्या सिल्चरला संसार थाटला, १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा मृत्यू झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षी आईबाप, भाऊ, बहीण आणि पती गमावलेली ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली. ख्रिस्ती धर्माशी त्यांची जवळून गाठ सिल्चरला पडली होती. पतीच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांना सापडली होती.

पुण्यात त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी होते. पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन, वैद्यकीय शिक्षण घ्यावे या विचाराने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथल्या सेंट मेरी संघाच्या जोगिणींकडे त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत मात्र सोडावा लागला.

या धर्मांतराची कारणे अनेक अंगांनी चर्चिली गेली आहेत. नीलकंठशास्त्री गोरे यांच्यासारख्या ख्रिस्ती पंडिताशी झालेला विचारविनिमय, शूद्र आणि स्त्रिया यांच्याविषयी शास्त्रांत वाचलेली वचने, वाँटेजच्या जोगिणींचा सहवास, ही सगळी त्यांत आहेत. पण आपल्या साक्षीत रमाबाईंनी स्वतः जिच्यावर बोट ठेवले ती गोष्ट लंडनजवळच्या फुलहॅम येथली आहे. तिथे जोगिणींनी चालवलेले एक घर होते. वेश्याव्यवसायात गेलेल्या, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे ठेवून घेत, शिकवत, आणि त्यांतल्याच काही जणी पुढे तशाच इतर स्त्रियांची सेवा करू लागत. रमाबाईंनी असे कधी पाहिले नव्हते. त्यांच्या वाचनातल्या धर्मशास्त्रांत अशा स्त्रीला दंड सांगितला होता. तिला परत उभे करण्याचे काम कोणी धर्मकर्तव्य म्हणून अंगावर घेईल, हे त्यांना नवीन होते. यामागचे कारण विचारल्यावर एका जोगिणीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ही कथा म्हणजे कृपेच्या ख्रिस्ती कल्पनेचा गाभाच. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एक बाई एकटी पाणी भरायला येते. यहुदी लोक तिच्या जातीचा विटाळ मानतात. तिने पाच नवरे केलेले, आणि आता जो घरात आहे तो तिचा नवरा नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचा सगळा पूर्वेतिहास जाणून तिच्याशी बोलतो आणि धर्मातली सर्वांत मोठी गोष्ट, देवाची उपासना कुठे व कशी करावी ही, तिला समजावून सांगतो. त्याआधी तो तिला सुधारून ये असे म्हणत नाही. रमाबाईंच्या मनात हीच गोष्ट रुतली. भारतातल्या पिडलेल्या स्त्रियांना उचलून धरील असा देव आपल्याला इथे दिसला, असे त्यांनी पुढे सांगितले.

पुण्यात धर्मांतराची बातमी पोचताच खळबळ उडाली. आदल्या वर्षी ज्यांनी त्यांचा जयजयकार केला होता त्यांच्यातलेच अनेक जण टीकाकार झाले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. इकडे इंग्लंडमध्येही रमाबाई कोणाच्या हातातले बाहुले झाल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावरून आणि चर्चच्या अधिकारावरून त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी कडाक्याचा पत्रव्यवहार केला. आपण ख्रिस्त स्वीकारला आहे, इंग्लिश बिशपांची हुकमत स्वीकारलेली नाही, ही त्यांची भूमिका कायम राहिली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे हिंडून व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक तिथे गाजले. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. या पैशातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. हे ब्राह्मण व इतर उच्च जातींतल्या विधवांसाठी होते. त्यांचे सोवळेओवळे सांभाळले जाई आणि धर्मशिक्षण द्यायचे नाही, हे ठरलेले होते. गोदूबाई नातू या इथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

१८९० मध्ये सदन पुण्याला आले. पुढच्याच वर्षी रमाबाईंच्या आयुष्यात आणखी एक वळण आले. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतः धर्मोपदेशक असूनही आपल्याला ख्रिस्त भेटला नव्हता, असे त्याने त्यात मांडले होते. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. आठ वर्षे आपण ख्रिस्ती धर्म पाळतो आहोत, पण देवाला प्रसन्न करण्याचा खटाटोप जुनाच आहे. पूर्वी तीर्थे आणि व्रते होती, आता प्रार्थनापुस्तक आहे. तारण हे आपल्या करणीचे फळ नसून देणगी आहे, हे त्यांना तेव्हा उमगले असे त्या सांगतात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा मुद्दा जुनाच आहे. पौलाच्या पत्रांत तो आहे, ल्यूथरच्या लिखाणात आहे. पण ज्या बाईच्या आईवडिलांनी आयुष्यभर व्रते करून उपाशी प्राण सोडले होते, तिच्यापुरता तो पुस्तकातला मुद्दा नव्हता.

याचा परिणाम शारदासदनावर झाल्याशिवाय राहिला नाही. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करू लागल्या. कोणावर सक्ती नव्हती, पण मुली येऊन बसू लागल्या आणि काहींचा ओढा ख्रिस्ताकडे होऊ लागला. ‘केसरी’ने तोफ डागली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. सुधारकांचा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील हा पालकांना दिलेला शब्द होता, आणि संस्थाप्रमुखाची रोजची उघडी प्रार्थना कोवळ्या मुलींवर परिणाम करणारच. या फुटीतून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. हिंदू विधवांसाठी हिंदू वातावरणातली संस्था हवी, ही गरज उघड झाली आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला.

महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात रमाबाईंची गोष्ट बहुधा इथे येऊन थांबते. त्यांचे सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे.

अमेरिकेच्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या अलीकडे, रेल्वेमार्गावरच्या केडगावजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली आणि फळबाग लावायला काढली. कोरडवाहू, उघडा माळ होता तो. १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना रायचूर आणि तिरुपती आठवले असल्यास नवल नाही. त्या उठल्या आणि गेल्या.

इंग्रज सरकारने १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार केल्या होत्या. धडधाकट माणसाला खडी फोडण्याचे, तलाव खोदण्याचे काम आणि त्यावर मजुरी. काम न होणाऱ्यांसाठी गरीबखाने. कागदावर ही व्यवस्था बरी होती. प्रत्यक्षात कोण कुठे गळून पडते ते रमाबाईंनी त्या छावण्यांत फिरून पाहिले. आईबाप मेलेली पोर, सासरने हाकललेली विधवा, नवरा काम शोधायला गेला तो परतलाच नाही अशी बाई, यांच्या हाती कुदळ देणारा मुकादमही नसे. गरीबखान्यात त्यांना मूठभर हलके धान्य मिळे, आणि तेही त्यांच्यापर्यंत पुरते पोचेलच असे नाही. त्याहून भयंकर गोष्ट रमाबाईंनी निर्भीडपणे लिहून ठेवली. तरण्या मुलींना फूस लावून किंवा दोन पैशांत विकत घेऊन नेणारे लोक या छावण्यांभोवती घिरट्या घालत होते, आणि ज्यांनी राखण करायची त्यांच्यातलेही काही त्यांत सामील होते. भुकेने मरणे आणि देह विकून जगणे यांतून निवड करण्याची वेळ आलेल्या त्या मुली होत्या.

तीनशे मुली आणायच्या असा निश्चय रमाबाईंनी केला. पैसा हाताशी नव्हता. ब्रिस्टलला कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुले सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते, आणि तोच मार्ग त्यांनी धरला. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारी मदतीला होत्या. मुलींच्या टोळ्या आगगाडीने पुण्याला येऊ लागल्या. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा आणि खरजेचे फोड, तोंड आलेले, पोटे सुटलेली. त्यांचे केस कापावे लागले, फोड धुवावे लागले. एकदम पोटभर घातले तर जीव जाण्याची भीती, म्हणून थोडे थोडे भरवावे लागले. जेवण समोर असताना त्या एकमेकींच्या हातचे हिसकावत, उरलेले अंथरुणाखाली लपवत. उद्याही जेवण मिळेल यावर त्यांचा विश्वास बसायला बरेच दिवस लागले. कित्येक जणी वाचल्या नाहीत.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला होता. शहरात नवी माणसे आणून ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. इतक्या मुलींना न्यायचे कुठे? केडगावचा माळ तेवढा होता. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभारल्या आणि मुलींना तिकडे हलवले. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशी अचानक वसाहत झाली. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे होणारे हाल पाहून रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि सरकारला धारेवर धरले. पुण्यात त्यांना सरकारधार्जिण्या म्हणणारे बरेच होते, पण त्या काळात एवढ्या उघडपणे सरकारविरुद्ध लिहायला छातीच लागत होती.

केडगावच्या वसाहतीला मुक्तिसदन हे नाव मिळाले. शारदासदन आणि मुक्तिसदन यांतला फरक केवळ आकाराचा नव्हता. शारदासदनातल्या मुली उच्चवर्णीय होत्या, त्यांच्या मागे कोणीतरी पालक होता, त्यांच्यासाठी वर्तमानपत्रे भांडत होती. दुष्काळातून आलेल्या मुली बहुतेक शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या. त्यांना परत न्यायला कोणी येणार नव्हते. इथे सगळ्या एका पंगतीला बसल्या. आणि इथे धर्माच्या तटस्थतेचे वचनही नव्हते. मुक्तिसदन पहिल्या दिवसापासून उघडपणे ख्रिस्ती होते, मात्र कुठल्याही एका चर्चच्या अधिकाराखाली नव्हते.

१८९९ मध्ये पुन्हा पाऊस गेला. हा छप्पनचा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून गुजरात-राजस्थानात त्याचे हे नाव पडले आणि तिथल्या लोकांच्या बोलण्यात ते अजून आहे. या वेळी गुजरातेत मुली गोळा करायला गेलेल्यांत पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुलीही होत्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांना कोणीतरी उचलून आणले होते, त्या आता गावोगाव फिरून दुसऱ्यांना उचलत होत्या. १९०० च्या सुमारास केडगावची लोकसंख्या दीड ते दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना रोज दोन वेळा जेवण, पाणी, कपडा, औषध. भोवती दुष्काळ आणि विहिरींचे पाणी तळाला गेलेले. नव्या विहिरी खणल्या, इमारती उठल्या, मोठे प्रार्थनामंदिर बांधले गेले. गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहणाऱ्यांत मुलीच होत्या.

मुक्तिसदनाच्या कुंपणाआत जी वेगवेगळी घरे उभी राहिली त्यांत रमाबाईंची दृष्टी सर्वांत स्पष्ट दिसते. प्रीतिसदन म्हाताऱ्या आणि दुबळ्या स्त्रियांसाठी. मुलग्यांसाठी सदानंदसदन. आंधळ्यांच्या घराला शुभवर्तमानातल्या बार्तीमयाचे नाव दिले. मनोरमाबाई अमेरिकेतून अंधांना शिकवण्याची ब्रेल पद्धत शिकून आल्या होत्या, आणि आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या. आणि कृपासदन. हे फुलहॅमचे घर, केडगावच्या मातीत. फसवलेल्या, बाजारात बसवलेल्या, कुमारी माता झालेल्या, रोग जडलेल्या बायकांना इथे घेत. अशी बाई त्या काळी माहेरी, सासरी, देवळात, कुठेच उभी राहू शकत नव्हती. खुद्द ख्रिस्ती मंडळीही तिला दारात उभे करायला बिचकत. कृपासदनात तिला घेताना मागचा हिशेब मागितला जात नसे.

हे सर्व भाबड्या दयाबुद्धीवर चालले नाही. रमाबाईंचा कारभार कडक होता. पहाटेपासून दिवस आखलेला असे. शाळा सर्वांना सक्तीची, आणि शाळेबरोबर हाताला काम. हातमागावर लुगडी विणणे, दोर वळणे, तेलघाणा, दूधदुभते, शिवणकाम, धुलाई, भांड्यांना कल्हई, शेतकाम आणि छापखाना. उपकारावर जगणारी बाई पुन्हा कोणाच्या तरी हाती पडते, हे रमाबाईंना ठाऊक होते. स्वतः त्या पांढरे साधे लुगडे नेसत, केस कापलेले ठेवत आणि मुलींच्यातच राहत. अमेरिकेतून आलेल्या मिनी एब्रम्स यांच्यासारख्या मिशनरी बायका सदनात काम करत होत्या, पण संस्थेची सूत्रे एका भारतीय स्त्रीच्या हाती होती. त्या काळच्या मिशनसंस्थांत ही दुर्मीळ गोष्ट होती.

१९०५ च्या जून अखेरीस मुक्तिसदनात धर्मजागृतीची एक मोठी लाट आली. वेल्समधून आणि आसामच्या खासी टेकड्यांतून तशा बातम्या येत होत्याच. मुली रात्ररात्र प्रार्थना करत, रडत, आपली पापे उघड कबूल करत. बाहेरच्या काहींना हे वेड वाटले. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात मात्र केडगावच्या या घटनेला मानाचे स्थान आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी होत्या काही वर्षांपूर्वी गरीबखान्यातून उचलून आणलेल्या मुली.

धर्मांतराचा प्रश्न इथे टाळून चालणार नाही. भुकेने अर्धमेल्या पोरीला जिथे अन्न मिळते तिथला धर्म ती स्वीकारते, तेव्हा ती निवड कितपत मोकळी, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो रास्त आहे. मदतीला फक्त ख्रिस्ती लोकच धावले असेही नाही. याच दोन दुष्काळांत पंजाबच्या आर्य समाजाने, लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने, अनाथ मुलांना सांभाळण्याचे काम केले. त्यामागे मिशनऱ्यांच्या हाती मुले जाऊ नयेत हाही हेतू होता. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. मुक्तिसदनात घेताना बाईची जात, चारित्र्य किंवा श्रद्धा आधी तपासली जात नव्हती. आंधळी, म्हातारी, मतिमंद, रोगजर्जर, जिच्याकडून संस्थेला ना काम मिळणार ना नाव, तिलाही जागा होती. संख्येसाठी माणसे गोळा करणारा असा व्यवहार करत नाही.

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते आणि माळावरच्या मुलींना ते कळत नसे. चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या बोलीत भाषांतर करू लागल्या. छापण्याचे कामही मुक्तिसदनाच्या छापखान्यातच झाले. ज्यांना केडगावला येईपर्यंत अक्षरओळख नव्हती अशा बायकांनी खिळे जुळवले, मुद्रिते काढली, फर्मे छापले आणि पुस्तके बांधली.

अखेरच्या काळात त्यांच्यावर मोठा घाव बसला. संस्थेची वारसदार म्हणून तयार केलेली मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात वारली. रमाबाई काम करत राहिल्या. भाषांतराची अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावला त्यांचे निधन झाले. समग्र बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

मराठी पाठ्यपुस्तकांत रमाबाईंना आर्य महिला समाज आणि शारदासदन यांच्यासाठी जागा मिळते, फार तर धर्मांतराच्या वादासाठी. केडगावचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. शारदासदनातून घडलेल्या स्त्रियांची संख्या काही डझनांत मोजता येते, मुक्तिसदनाने वाचवलेल्यांची हजारांत, आणि त्या हजारांची नावे कोणी लिहून ठेवावीत अशी त्यांची सामाजिक पत नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीसुधारणेचा इतिहास पांढरपेशा विधवेपाशी न थांबवता दुष्काळी छावणीतल्या निराधार पोरीपर्यंत नेला, तर त्यात पहिले नाव केडगावचे घ्यावे लागेल. ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने ही संस्था केडगावला आजही चालू आहे, आणि निराधार स्त्रिया, अनाथ मुले व अंध यांना तिथे आजही घेतले जाते.